उम्म हशाबची हजेरी

१० जानेवारी

इथे अल-उबय्यिदला, सिस्टर आगोस्तीनांच्या शाळेत मधल्या सुट्टीत आम्ही दोघी पाण्याच्या रांजणांमागे बसून तबलदीच्या झाडाचं टणक कवचाचं फळ फोडायचो. इश्रागा आणि मी. फळ दगडावर आपटायचं काम माझं, कारण माझे हात दणकट. आतला पांढरा, पिठूळ, आंबट गर जिभेवर ठेवला की तो विरघळेपर्यंत बोलता यायचं नाही, म्हणून तेवढा वेळ आमच्यात भांडण नसे. एरवी असायचंच. एकदा वाट्यावरून इतकं जुंपलं की सिस्टरांनी येऊन नियमच करून दिला, "एकीनं फोडून वाटे करायचे, दुसरीनं आधी उचलायचं."

तेव्हापासून मी वाटे इतके काटेकोर करायला लागले की सोनारानं बघावं. आणि इश्रागा? ती दर वेळी डोळे मिटून हात पुढे करायची आणि हाताला लागेल तो वाटा उचलायची. मला राग यायचा. मी एवढी मापून ठेवते आणि हिनं बघूही नये?

हे आज आठवलं त्याला कारण आहे. आमच्या संचालकांनी सकाळी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की सुईणींचं नवं धोरण लिहायला आणि ते आधी आपल्या कुर्दुफान प्रांतात राबवायला एक मोठ्या डॉक्टरीणबाई येत आहेत. परदेशातली मोठी नोकरी सोडून. इश्रागा, हे नाव सांगायच्या आधीच मला कळलं होतं.

सुईणींचा विभाग माझा आहे. हेल्थ व्हिजिटर म्हणून लागले तेव्हापासून मी कुर्दुफानच्या वाळूत गाडीच्या पुढच्या सीटवर हाडं खिळखिळी करून घेतली आहेत. सरकार गावातली एक बाई निवडतं, तिला शिकवतं, पत्र्याची पेटी आणि अंगाभोवती गुंडाळायचं पांढरं तोब देतं आणि विसरून जातं. पगार नाही. गाव देईल तो साबण, साखर, पायलीभर ज्वारी. आता नव्या पोरी शिकायला येतच नाहीत. सुईणीला पगार द्या, हे मी आलेल्या प्रत्येक संचालकाला सांगितलं. प्रत्येकानं मला चहा पाजला.

यंदा पावसाळ्याआधी मी निवृत्त होणार. आणि आत्ता ती येतेय.

सिस्टर आम्हा मुसलमान मुलींकडूनही रोज संध्याकाळी चार ओळी लिहून घ्यायच्या. दिवसभरात जे मनात आलं आणि तोंडानं सांगता आलं नाही, ते. पुन्हा सुरू करावं म्हणते.

१७ जानेवारी

आली. जाड झाली असेल असं मला वाटलं होतं. नाही झाली. केस पांढरे आहेत, पण ते तिनं तसेच ठेवलेत आणि तिला ते शोभतात, हे विशेष.

सगळं ऑफिस उभं राहिलं. तिनं माझ्या खांद्यावर हात टाकून मला जवळ घेतलं.

"तमादुर! अगं, तू अजून तश्शीच. मान ताठ!"

"मान दुखते म्हणून ताठ आहे."

सगळे हसले. तीच सगळ्यांत जास्त हसली. संचालकांनी लगबगीनं माझी खुर्ची तिच्यापुढे सरकवली. माझी! ती म्हणाली, "छे छे, ही तमादुरची. मला ते स्टूल द्या." आणि बसली स्टुलावर, राणीसारखी. नम्रपणासुद्धा चार लोक बघत असताना करायचा, हे तिला शाळेपासून जमतं.

२२ जानेवारी, शुक्रवार

जेवायला बोलावलं. बोलवावंच लागलं, रिमाझनं परस्पर सांगून टाकलं होतं. माझी लेक मुलींच्या शाळेत शिकवते. जगात तिला कुणाचं कौतुक नाही, पण इश्रागा खालांचं आहे.

वाळवलेल्या भेंडीचं घट्ट कालवण, मुल्लाह, केलं होतं, सोबत ज्वारीची पातळ किस्रा. इश्रागा आमच्याच परातीत हात घालून जेवली, बोटं चाटूनपुसून. म्हणाली, "या चवीसाठी मी किती वर्षं रडले असेन." मी म्हणाले, "रडायचं कशाला, विमानं होती की." रिमाझनं माझ्याकडे डोळे वटारले.

मग रिमाझनं कॉफी केली. आलं घालून, निखाऱ्यांवर, धूप जाळून. मला ती कधी अशी कॉफी देत नाही. "तुझं पित्त" म्हणते.

"तुझ्या आईमुळे मी गणितात पास झाले, ठाऊक आहे?" इश्रागा तिला सांगत होती. "नाहीतर कसली डॉक्टर होतेय मी!"

"आई! तू कधी बोलली नाहीस!"

काय बोलायचं? गणित मी शिकवायचं आणि डॉक्टर तिनं व्हायचं, हे काय मिरवायचं असतं? माझे अब्बा त्या वर्षी गेले, म्हणून मी लवकर नोकरी देणारं शिक्षण घेतलं. तिचा त्यात दोष नाही. दोष नाही, म्हणूनच जास्त त्रास होतो.

ती गेल्यावर रिमाझ म्हणाली, "आई, त्या सारख्या तुझ्याबद्दलच विचारतात. तू काय खातेस, गुडघे कसे आहेत, रागावली आहेस का."

"माहिती काढतेय," मी म्हणाले.

४ फेब्रुवारी

आज सभागृहात मोठी बैठक झाली. पंखे मध्येच बंद पडले, जनरेटर लावला, मग कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येईना. पण मूळ वाक्य ऐकू आलं. गावची प्रत्येक सुईण सरकारी नोकर होईल आणि तिला दरमहा पगार मिळेल.

माझं वाक्य! शब्द न् शब्द माझं. मी म्हटलं की चहा यायचा, तिनं म्हटलं की टाळ्या आल्या. पहिली टाळी संचालकांची.

मग पैसा देणाऱ्या संस्थेचा खार्तूमचा माणूस उठला. तरुण आहे, अदबीनं बोलतो. म्हणाला, "पगार द्यायचा तर सुईण खरोखर कामावर आहे याचा पुरावा हवा. त्याशिवाय आमचे वरचे लोक एक पै सोडणार नाहीत." तेव्हा आमचे नेमणूक खात्याचे उस्ताज मुअतसिम खुशीत येऊन म्हणाले, "त्यात काय? नियम तयारच आहे. सरकारी नोकर रोज सकाळी जवळच्या आरोग्य केंद्रात येऊन सही करतो. सुईणही करेल."

सगळ्यांना हायसं वाटलं.

आणि मला डोळ्यांसमोर उम्म हशाब गाव दिसलं. तिथलं जवळचं आरोग्य केंद्र बाजाराच्या गावी आहे. सकाळची लॉरी पकडून जायचं, सही करायची, आणि परतीची लॉरी माल भरून दुपार कलल्यावर निघते. म्हणजे पगारी सुईण दिवसभर गावाबाहेर. आतापर्यंत बिनपगारी का होईना, दोन घरं सोडून होती. बाळं काही लॉरीचं वेळापत्रक बघून येत नाहीत. हे त्या सभागृहात एका माणसाला माहीत होतं. मला.

तेवढ्यात इश्रागा माझ्याकडे वळली. "तमादुर, तू सांग. गावात हे चालेल?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे. वाक्य जिभेवर आलं होतं.

"छान आहे," मी म्हणाले. "सगळं छान आहे."

तिचं पेन कागदावर टेकलेलं होतं, ते तसंच राहिलं. "नक्की?"

"अगं, नक्की."

मग तिनं पेनाला टोपण लावलं.

५ फेब्रुवारी

का नाही बोलले?

कारण मी बोलले की फाईल चहाच्या ट्रेखाली जाते. कारण एवढी शिकलीस, तर कळू दे तुझं तुलाच, असं वाटलं. काय होईल? महिनाभरात सुईणी कुरकुर करतील, दोनचार जणी इथे येऊन माझ्यापुढे बसतील. मग सगळे तोंडं पाडून माझ्याकडे येतील, आणि मी सांगेन. त्या दिवशी तरी वाक्य माझ्या नावावर राहील.

एवढंच. कुणाचं वाईट चिंतलं नाही.

२१ फेब्रुवारी

इश्रागाला घेऊन उम्म हशाबला गेले. गाडी थांबायच्या आत बायका धावत आल्या. "तमादुर आली! तमादुर आली!" कुणी हात धरतंय, कुणी खांद्यावर डोकं टेकतंय. एक दाढी फुटलेला पोरगा पुढे ढकलला. "हा बघा, पायाळू आला होता तो!" बतूल गर्दीतून कोपरं मारत आली. बतूल म्हणजे तिथली सुईण, माझ्या हाताखाली शिकलेली, दोन माणसांचा आवाज एकटीच्या गळ्यात असलेली.

इश्रागा गाडीपाशीच उभी राहिली. तोबाचं टोक हातात धरून, चष्मा पुसत. बराच वेळ. धुळीची सवय राहिली नसेल.

"ती कोण?" बतूलनं विचारलं.

"परदेशातून आलेली मोठी डॉक्टरीण. तुझा पगार घेऊन आलीये."

"मग उभी का ठेवलीत? गाडीच्या टपावर बसवून मिरवू की!"

नजात पोट दाखवायला आली. किती वर्षांनी दिवस राहिलेत तिला. बतूल तिच्या पोटावर हात ठेवून म्हणाली, "नवरा सौदीला जाऊन बसला, तेव्हा कुठून होणार? एकदा सुट्टीवर आला, आणि हे बघा. सरकारनं नवऱ्यांना सुट्ट्या द्याव्यात बाई, माझा धंदा वाढेल." नजात लाजून तोबात तोंड लपवत होती आणि हसत होती. बाळाच्या नावासाठी, सातव्या दिवशीच्या सिमायाला, तिनं आत्तापासून मेंढी घेऊन ठेवली होती. मला ओढत नेऊन दाखवली.

निघताना बतूलनं हळूच विचारलं, "बाई, रोज जायचं सहीला? मग इथं कोण?"

"सुरुवात आहे," मी म्हणाले. "होईल नीट."

इश्रागा तेव्हा गाडीत बसलेली होती, तिनं ऐकलं नाही.

परतताना ती एकच वाक्य बोलली. "किती जणी ओळखतात गं तुला."

"धूळ ओळखते."

मग सगळा रस्ता बाहेर बघत राहिली. दमली असेल. खुर्चीतली कामं केलेल्या माणसाला दमायला होतं.

१ मार्च

धोरण सुरू झालं. बतूलनं पांढऱ्या तोबाला कडक इस्त्री केली होती म्हणे, आणि लॉरीत ड्रायव्हरशेजारची जागा मागून घेतली. "सरकारी बाई मागं शेळ्यांत बसत नाही," म्हणाली. केंद्रात सगळ्यांना ऐकवत होती.

आमच्या ऑफिसात खजूर वाटले. इश्रागानं पहिला खजूर माझ्यापुढे धरला. मी घेतला. काय करणार?

९ मार्च

रेडिओवर इश्रागाची मुलाखत होती. रिमाझनं आवाज मोठा केला. बाई म्हणतात, "मला हे सगळं अल-उबय्यिदच्या एका मैत्रिणीनं शिकवलं." एका मैत्रिणीनं! नाव घ्यायला जीभ झडली?

"आई, सुरुवातीलाच घेतलं नाव," रिमाझ म्हणाली. "पूर्ण नाव घेतलं, तुझ्या अब्बांच्या नावासकट. तू तेव्हा दूधवाल्याशी भांडत होतीस."

असेल. मी ऐकलं नाही, ते मी कसं धरू?

२३ मार्च

दोन सुईणी आल्या होत्या तक्रार घेऊन. सहीचा त्रास होतो म्हणाल्या. मला आतून बरं वाटलं. सुरू झालं, म्हटलं. त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "थोडं थांबा." आणखी दोघीचौघी येऊ देत, मग जाऊन सांगू, असा विचार केला. इश्रागा दारातून डोकावून गेली. "काही आहे का गं?" "काही नाही. गप्पा."

चहा मीच पाजला. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

६ एप्रिल

उम्म हशाबहून निरोप आला. काल सकाळी लॉरी गेली आणि थोड्याच वेळात नजातला कळा सुरू झाल्या. बतूल लॉरीत. जावांनी कळा देताना धरायला छताला दोर बांधला, पाणी तापवलं आणि वाट बघत बसल्या. बतूल दुपार कलल्यावर पोचली. नाळ गळ्याभोवती होती. नजातला वाचवलं. मुलगी होती. गेली.

आज जास्त लिहीत नाही.

७ एप्रिल

समाचाराला गेले. अंगणात पुरुष चटईवर बसले होते. त्यांच्यासमोर हात उंचावून फातिहा म्हटली आणि आत गेले. नजात खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी तिच्या पायांपाशी बसले. तिनं पाय जवळ घेतले, मला नीट बसता यावं म्हणून. तेवढंच.

बाहेर मांडवाच्या सावलीत ती मेंढी बांधलेली होती. खाऊन खाऊन चांगली भरली आहे. सारखी ओरडत होती आणि कुणी तिला पाणी दाखवत नव्हतं, कारण तिच्याकडे कुणी बघतच नव्हतं. मीच उठून पाणी ठेवलं.

बतूलचा आवाज बसला आहे. तिचा आवाज बसलेला मी कधी ऐकला नव्हता.

"त्या दिवशी मी पहिली पोचले होते केंद्रात," ती म्हणाली. "उघडायच्या आधी. सही आहे माझी, बाई. बघा जाऊन. सही आहे."

"बतूल, तुझा काही दोष नाही."

"मग कुणाचा?" तिनं विचारलं. रागानं नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

८ एप्रिल

सकाळी सरकारी विश्रामगृहात गेले. इश्रागा व्हरांड्यात बसली होती. तिला बातमी कळली होती. डोळे सुजलेले.

मी बसलेही नाही. उभ्याउभ्याच सांगून टाकलं. सहीचं मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. लॉरीचं ठाऊक होतं. बतूलनं विचारलं होतं. सुईणी आल्या होत्या. तू दारातून विचारलंस तेव्हाही त्या समोरच बसल्या होत्या.

ती रागावेल असं वाटलं होतं. रागावली असती तर बरं झालं असतं, रागाला उत्तर देता येतं.

"मलाही खटकलं होतं," ती म्हणाली. "'रोज सकाळी' लिहिताना हात थांबला. म्हणून तर तुला विचारलं."

"मग थांबली का नाहीस? खटकलं होतं ना?"

"तू छान म्हणालीस म्हणून."

मग मी बसले.

तिनं चहा ओतला. साखर फार घातली, तिचं लक्ष नव्हतं, आणि मी तो तसाच प्यायले. मग ती म्हणाली, "आता काय करायचं ते तू सांग. मला गाव माहीत नाही गं. त्या दिवशी तिथं उभी होते तर एक बाई माझ्याकडे आली नाही. मी एवढ्या देशांच्या बायकांबद्दल लिहिलं, आणि एकीलाही माझं नाव ठाऊक नाही."

मी म्हणाले, "धुळीनं डोळे आले होते ना तुझे?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "हो," म्हणाली. "धुळीनं."

सुईण गावात आहे की नाही हे कुणाला कळतं? विहिरीवर पाण्याला येणाऱ्या बायकांना. त्यांच्याइतकं कुणालाच नाही. गावानं आपल्यातल्या तिघी निवडाव्यात, त्यांनी महिन्याअखेर सांगावं, होती की नव्हती. आणि सुईणीची नेमणूक गावावर व्हावी, केंद्रावर नाही, म्हणजे कुणी तिची बदली करू शकणार नाही. मी बोलत गेले, ती लिहीत गेली. मधूनमधून ती म्हणायची, "थांब, पुन्हा सांग." शाळेत मी गणित शिकवताना म्हणायची तशी.

१८ एप्रिल

पुन्हा तेच सभागृह. खार्तूमचा तरुण पुन्हा आला होता. आज तो धोरणाचा निकाल सांगणार होता. बदल मान्य केला तर पुढे, नाहीतर पैसा बंद आणि सुईणी पुन्हा साबणसाखरेवर.

उस्ताज मुअतसिमनी आधीच सुरुवात केली. "विहिरीवरच्या बायकांची साक्ष? उद्या सिमायाच्या मेंढीत सुईणीला किती वाटा मिळाला त्यावर पगार काढू का?"

"काढा की," मी म्हणाले. "तुमच्या हजेरीपेक्षा तो वाटा खरा असतो."

पाठीमागे कुणीतरी खुदकन हसलं.

तेव्हा इश्रागा उठली. शांतपणे म्हणाली, "रोज सकाळी सही, ही माझी चूक. मी लिहिली, माझं नाव आहे खाली. तमादुरनं ती शोधून काढली, आणि उपायही तिचाच आहे."

खाली बसताना टेबलाखाली तिनं माझा हात दाबला. गप्प बस, असा.

माझ्या अंगाचा जाळ झाला. डॉक्टर ती, खुर्ची नाकारणारी ती, रेडिओवर ती, आलं घातलेली कॉफी तिला. आणि आता चूकसुद्धा तिचीच? एवढी एक गोष्ट संपूर्ण माझी होती, तीही हिनं सगळ्यांदेखत उचलून आपल्या पदरात घालावी, आणि लोकांनी तिच्याकडे असं भरल्या डोळ्यांनी बघावं?

मी हात सोडवून उभी राहिले.

"ती खोटं बोलतेय," मी म्हणाले. "तिनं मला सगळ्यांसमोर विचारलं होतं. मला माहीत होतं आणि मी छान म्हणाले. तिला टाळ्या मिळत होत्या, ते मला बघवलं नाही, म्हणून. चूक माझी आहे. ती मी कुणाला देणार नाही."



संचालक खाली बघत होते. इश्रागाचा चेहरा असा होता, जसा मी कधी चुकून लहानमोठे वाटे केले की व्हायचा. नाही, तसं कसं? ती तर डोळे मिटून असायची.

खार्तूमच्या तरुणानं काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाला, "एक वर्ष. या एका तालुक्यात. आणि साक्ष खरी आहे का हे बघायला कुणीतरी तिथंच राहायला हवं. इथून गाडीनं जाऊन-येऊन नाही."

"मी राहीन," मी म्हणाले. "पुढच्या महिन्यात निवृत्त होतेय."

"निवृत्त माणसाची बदली करता येत नाही," मुअतसिम म्हणाले.

"तेच तर. मला तिथून कुणी हलवणार नाही."

१९ एप्रिल

रिमाझ काल सगळं ऐकून आली होती. संध्याकाळी माझ्यापुढे कॉफी ठेवली, आलं घातलेली. "तुझं पित्त गेलं उडत," म्हणाली.

६ मे

उद्या सकाळच्या लॉरीनं जाणार. रिमाझ, हे तुझ्यासाठी लिहून ठेवते, कारण तोंडानं सांगायला गेले की तू अर्धं ऐकतेस.

माझी पत्र्याची पेटी आणि आतलं वाडगं उम्म हशाबच्या त्या पोरीला, जिला गाव आता शिकायला पाठवणार आहे. बतूलची भाची आहे. पेटीचं झाकण डावीकडून दाबल्याशिवाय बसत नाही, हे तिला सांग.

नवी दोन पांढरी तोबं बतूलला. कडक इस्त्री करून. ती मागच्या महिन्यापासून पांढरं तोब घालत नाहीये. घालायला लागली की मला कळेल.

ऑफिसातली खुर्ची इश्रागाला. ती स्टूल मागेल. देऊ नकोस. खांद्याला धरून बसव.

माझं गाडीतलं पाठीचं लोड ड्रायव्हर अब्दुलमाजिदला. इतकी वर्षं तो माझी पाठ दुखल्याचं ऐकत आला आहे, आता त्याचीच दुखते.

कॉफीची मातीची सुरई, आपली जबना, तुझी. मी सुट्टीवर येईन तेव्हा आलं घालायचं. कुणी असो-नसो.

नजातसाठी काही पाठवू नकोस. तिच्याकडे मी रिकाम्या हातानं जाणार आहे. मेंढी अजून तिथंच आहे म्हणे, नजात ती कुणाला कापू देत नाही. मी पाणी ठेवत जाईन.

ही वही इश्रागाला. पहिल्या पानापासून. राणीसारखी बसली वगैरे आहे, ते खोडलेलं नाही.

आणि स्वयंपाकघरात फडक्याखाली तबलदीचं फळ आहे. आज दुपारी मी फोडलं, अंगणातल्या दगडावर. हात अजून दणकट आहेत. दोन वाटे दोन वाडग्यांत ठेवलेत. या खेपेला मी मापले नाहीत, मुद्दाम लहानमोठे केलेत. ती निरोप द्यायला येईल तेव्हा तिच्यापुढे ठेव आणि सांग, आधी तिनं उचलायचं, पण डोळे उघडे ठेवून, नीट बघून. उरेल तो माझ्या डब्यात भर.

आणि तिनं बघूनसवरून लहान वाटा उचलला, तर मला सांगू नकोस.